१६ वर्षांच्या भाच्याला बाल न्याय मंडळाची तारीख पडली आहे, पुढे काय करायचं?

पवननगरची मावशी

नमस्कार. माझ्या बहिणीचा मुलगा १६ वर्षांचा आहे. दहावीला गणित, इंग्रजी आणि विज्ञान राहिलं. जुलैच्या पुरवणी परीक्षेला तो बसलाच नाही. तेव्हापासून इथे नाशिकला, सिडकोत, त्रिमूर्ती चौकाकडच्या एका कट्ट्यावर दिवस काढतो. तिथे पंचविशीची दोन पोरं असतात, त्यांना सगळे दादा म्हणतात. मागच्या आठवड्यात रात्री नाकाबंदीत पोलिसांनी मोटारसायकल अडवली. भाचा चालवत होता, मागे त्यांतला एक दादा. गाडी चोरीची निघाली.

रात्री बहिणीला फोन आला, पोराचा जन्मदाखला घेऊन या म्हणून. ती अंबडला पॅकिंगच्या कंत्राटी कामावर आहे. दुसरी पाळी करून नुकती घरात शिरली होती, तशीच पळाली. पोराला रात्रभर ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं होतं. दोन थपडाही बसल्या असं तो सांगतो. दुसऱ्या दिवशी उंटवाडीला मंडळापुढे नेलं, तिथे बहिणीने सही केल्यावर तिच्या ताब्यात दिला. आता पुढची तारीख आहे, आणि त्याआधी कोणी अधिकारी घरी येऊन चौकशी करणार म्हणे.

घरात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं. दाजी म्हणतात पेठला चुलत्याकडे पाठवून देतो, इथे नकोच. शेजारचे म्हणतात सोळा पूर्ण झालीत, आता मोठ्यांच्या कोर्टात केस चालणार. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी त्याचा फोटो टाकला, खाली 'गाडीचोर' लिहून. तेव्हापासून पोरगा खाली उतरत नाही, नीट जेवत नाही. पोलीस भरतीत जायचं त्याच्या मनात होतं, ते आता विसरायचं का? कोणाला खरं माहीत असेल तर सांगा. बहीण रोज रडते आहे.

वकील, सीबीएस

ताई, आधी मोठ्या कोर्टाची भीती काढून टाका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात गुन्ह्यांचे तीन प्रकार आहेत. ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे असा गुन्हा १६ ते १८ मधल्या मुलाकडून घडला, तरच मोठ्यांसारखा खटला चालवायचा का याची पडताळणी होते. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणजे या कायद्याच्या हिशेबात ती किरकोळ प्रकारात बसते. दादांवरचा खटला वेगळ्या कोर्टात चालेल. मुलाची आणि सज्ञान आरोपीची चौकशी एकत्र करायला कायद्यात बंदी आहे.

मंडळाने चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ प्रकरण तेवढ्यात संपलं नाही तर ते तिथेच बंद होतं.

ठाण्यात जे घडलं ते मंडळापुढे सांगा. पोराला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि हात उगारायचा तर अधिकारच नाही. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मुलाशी त्याने साध्या कपड्यांत बोलायचं असतं.

वकिलाला पैसे भरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना फुकट वकील मिळतो, घरचं उत्पन्न विचारत नाहीत. भरतीचं म्हणाल तर कलम २४ आणि ७४ वाचून घ्या. या कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे अपात्र ठरवता येत नाही, आणि चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ते प्रकरण उघड करायचं नसतं.

निवृत्त परिविक्षा अधिकारी, नाशिकरोड

ताई, माझी सगळी नोकरी अशा पोरांतच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला बोलायचंय ते घरी येणाऱ्या त्या अधिकाऱ्याबद्दल, कारण बहुतेक घरं तिथेच घाबरून काहीतरी भलतं करून बसतात.

येणारा माणूस पोलीस नसतो. तो परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची माहिती मंडळाला देणारा आणि पुढे त्याच्यावर देखरेख ठेवणारा. तो जे लिहितो त्याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. त्याला पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांची मुदत असते. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई. ते तुमच्या भाच्याला तारखेपुरतं बघतात. त्याच्या घरात काय चाललंय, शाळा का सुटली, तो कोणाच्या नादाला लागला, हे सगळं त्यांना त्या कागदावरूनच कळतं. कागद पोकळ असेल तर मंडळ तरी काय ठरवणार?

घरचे लोक अधिकारी आला की दोन गोष्टी करतात. आई सांगते, माझं पोरगं गाय आहे, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बाप आमच्यासमोरच त्याला दोन ठेवून देतो, आम्ही शिस्त लावतो हे दाखवायला. कृपा करून दोन्ही टाळा. खरं काय ते सांगा.

मी घरात शिरले की आधी विचारायचे, पोरगा झोपतो कुठे? सिडकोतल्याच एका घराचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत. दीड खोली. आई-बाप, आजी, लग्नाची बहीण आणि हा. बहीण मोठी झाली तशी याची गादी पॅसेजमध्ये गेली, तिथून गच्चीवर. पावसाळ्यात गच्चीही बंद. मग आजी झोपेपर्यंत हा खालीच थांबायचा, अकरा, साडेअकरा. त्या वेळी खाली कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी कोणीतरी वडापाव खिलवतं, मग गाडीवरून एक चक्कर, मग एक दिवस 'एवढं पाकीट पोचवून ये'. आई मला परत परत सांगत होती की पोराला वाईट संगत लागली. मी अहवालात लिहिलं, या मुलाला रात्री नऊनंतर घरात बसायला जागा नाही. पलीकडच्या गल्लीत आत्या राहायची. मी तिच्याशी बोलले, ती तयार झाली, मंडळानेही ते मानलं. पोरगा जेवून तिच्याकडे झोपायला जायचा, समुपदेशनाला यायचा. कट्टा एकदम सुटला नाही. काही महिने तो दोन्हीकडे पाय ठेवून होता, आणि त्या काळात आम्ही त्याच्या मागे लागलो म्हणूनच तो सुटला. तुमच्या भाच्याच्या घरी काय परिस्थिती आहे, ते तुम्ही बहिणीबरोबर बसून आधी बघा.

दुसरं, गाडी त्याच्याच हातात का दिली होती? मी हे इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की वाक्य पाठ झालं: 'तू अठराच्या आतला, तुला काय होणारे'. दादा मागे बसतो, हँडल पोराच्या हातात. कोयता दादाचा, रीलमध्ये तो हातात धरलेला पोरगा. माझा सगळ्यात जास्त राग या लोकांवर आहे. मुलाला अशा कामाला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त दहा. पण पोराने किंवा आईने ते कोणाला सांगितलंच नाही, तर ही कलमं लागणार कशी? बहिणीला त्याच गल्लीत राहायचंय, तिची भीती मी समजू शकते. अधिकाऱ्याला एकटीने भेटून सांगावं. अहवाल गोपनीय असतो, मंडळाचं काम बाहेरच्या लोकांसमोर चालत नाही.

पेठला आत्ता पाठवू नका. तारखेला हजर करीन अशी सही तुमच्या बहिणीने केली आहे. राहण्याची जागा बदलायची तर अधिकाऱ्याला सांगून, मंडळाला कळवून. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर घालवून देण्यासाठी गावाला पाठवलेली पोरं दिवाळीपर्यंत परत येतात, तोवर शाळाही गेलेली असते.

फोटोचं मात्र आजच करा. आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग ॲडमिनला तो काढायला सांगा. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध केलं तर कलम ७४ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एवढं कळलं की लोक पटकन काढतात.

दुकानदार, इंदिरानगर

सगळे पोराचाच विचार करतायत म्हणून लिहितो. माझी गाडी दुकानासमोरून गेली, हप्ते अजून चालू आहेत. मिळाली तेव्हा टाकी, आरसे, बॅटरी काही जागेवर नव्हतं. नेणाऱ्यांत एक अल्पवयीन होता, तो दुसऱ्या दिवशी घरी. मला कोणी साधा फोन केला नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला आणि मंडळाने आधी त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ते अख्ख्या देशाने बघितलं. लोकांनी या कायद्यावर विश्वास ठेवायचा कसा?

निवृत्त परिविक्षा अधिकारी, नाशिकरोड

दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि तुम्हाला कोणी काही कळवलं नाही हे चूकच झालं. निबंधाच्या त्या आदेशाने या कामात आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांनाही फार वाईट वाटलं.

पण घरी सोडलं ते जामिनावर, प्रकरण संपलेलं नसतं. मुलाला जामीन देणं हा या कायद्याचा नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्याच तावडीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं दिसलं तरच तो नाकारायचा. चौकशीनंतर मंडळ समज देऊन सोडू शकतं, समाजसेवेचं काम लावू शकतं, आईबापाला दंड करू शकतं, परिविक्षेवर देखरेखीखाली ठेवू शकतं, आणि तशीच गरज असेल तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांना ठेवून सुधारण्याच्या संस्थेत, पाठवू शकतं. समाजसेवा नीट राबवली तर तिचा पोरावर परिणाम होतो. फक्त कोणीतरी रोज तिथे जाऊन तो आला का, काम केलं का, हे बघायला पाहिजे. माणसं कमी पडतात ती इथे. एकेका अधिकाऱ्याकडे इतकी प्रकरणं की अहवाल दिला की त्या घराचा दरवाजा परत वाजत नाही. तुमच्यासारख्या माणसांनी नगरसेवकाकडे, आमदाराकडे काही मागायचंच असेल तर हे मागा: परिविक्षा अधिकाऱ्यांची पदं भरा आणि त्यांना फिरायला गाडी द्या.

आणखी एक, मी नोकरीत असताना सारखं म्हणायचे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळनंतर कुलूपबंद असतात. सिडकोत, फुलेनगरला, वडाळा गावात एकेका शाळेची एक खोली रात्री सात ते साडेदहा उघडी ठेवा. दिवा, पंखा, कॅरम, एक समजूतदार माणूस. ज्या पोरांना घरात बसायला जागा नाही ती तिथे येतील.

वर्कशॉपवाला, अंबड

ताई, दहावी राहिली म्हणून सगळं संपलं असं नाही. सातपूरला त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमध्ये चौकशी करा. वेल्डर, वायरमन, प्लंबर असे काही ट्रेड दहावी नापास मुलालाही मिळतात. माझ्याकडे आयटीआयचीच पोरं आहेत. चांगला वेल्डर मला आजही शोधावा लागतो. राहिलेल्या तीन विषयांचा फॉर्म त्याच्याच शाळेतून भरता येतो, साधारण दिवाळीच्या आसपास. भरतीचं मनात असेल तर बारावी लागते, म्हणजे दहावी सोडवायलाच हवी. दोन्ही एकदम जमतं.

अठराच्या आतला पोरगा मी मशीनवर घेत नाही, नियमातही बसत नाही. पण एखाद्या रविवारी त्याला घेऊन या, दुकान बंद असतं. वेल्डिंग म्हणजे काय, ग्राइंडर कसा धरतात, कोणत्या कामाला किती मजुरी मिळते, हे मी त्याला दाखवीन. मी स्वतः दहावीला दोनदा बसलोय.

पवननगरची मावशी

सगळ्यांचे आभार. ॲडमिनला कलम दाखवलं, फोटो काढला. टाकणाऱ्याने फोन करून माफीही मागितली. काल अधिकारी मॅडम येऊन गेल्या. खरंच त्यांनी विचारलं, झोपतो कुठे. बहिणीच्या घरी तो दारापाशी झोपतो, रात्री कोणी बाहेर गेलं की उठायचं. माझ्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे असतात. मी गठ्ठे माळ्यावर टाकले, आता तो माझ्याकडे झोपेल. हेही त्यांनी लिहून घेतलं.

दादांचं नाव घ्यायला मात्र पोरगा तयार नाही. मॅडम त्याच्याशी एकटं बोलल्या, काय बोलला आम्हाला माहीत नाही. आणि तारखेला दाजींनी यायलाच पाहिजे का? त्या दिवशी त्यांचा खाडा होईल. रागही अजून गेलेला नाही, तिथे काही बोलून बसतील ही धास्ती आहे.

निवृत्त परिविक्षा अधिकारी, नाशिकरोड

नावासाठी त्याच्या मागे लागू नका. एकटा बोललाय ना, पुढचं मॅडमवर सोडा. परत काही धमकी आली, कट्ट्यावरून कोणी बोलवायला आलं, तर त्याच दिवशी त्यांना फोन करा. रात्री-अपरात्री १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

दाजींना आणा, एक खाडा होऊ द्या. वडील आले की मंडळाला कळतं, घरचे दोघंही पोराच्या पाठीशी आहेत. त्यांना एवढंच सांगा, तिथे विचारलं तरच बोलायचं आणि पोराला सगळ्यांसमोर नावं ठेवायची नाहीत. येताना जन्मदाखला, आधार, दहावीचं गुणपत्रक आणि आयटीआयच्या माहितीचा कागद सोबत ठेवा. तुमच्याकडे झोपायची सोय केली आहे, तर तुम्हीही या. मंडळ तुम्हाला विचारेल.