मदत हवी आहे: नागपूर ते अहेरी, मे महिना आणि इन्सुलिनचा खोका

नमस्कार मंडळी.

गडचिरोली जिल्ह्यात अहेरीला माझं मेडिकल आहे. फ्रीजमधला सगळा माल नागपूरच्या स्टॉकिस्टकडून येतो. मुख्य माल इन्सुलिन, मग रेबीजची लस, धनुर्वात, काचबिंदूवाल्यांचे लॅटॅनोप्रोस्टचे थेंब, अधूनमधून ऑक्सिटोसिन. तिकडून सकाळी थर्माकोलच्या खोक्यात जेलचे आइस पॅक घालून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकतात. माझ्या हातात पडेपर्यंत सात-आठ तास सहज जातात. सध्या पारा ४५ ला टेकलेला आहे, डिकीत किती असेल देव जाणे.

आता खरी गंमत ऐका. गेल्या खेपेला खोका उघडला तर पॅक अजून टणक. मी खूश झालो. मग ३०/७० वाल्या मिक्स इन्सुलिनची एक व्हायल तळहातांत घोळवून पाहिली. हे इन्सुलिन घोळवलं की दुधासारखं एकसारखं पांढरं होतं. हिच्यात मात्र पांढऱ्या कण्या तशाच फिरत राहिल्या आणि काचेला आतून पांढरट थर चिकटलेला. पॅकला लागून असलेल्या चार-पाच व्हायलींची हीच गत, मधल्या ठीक दिसत होत्या. म्हणजे माल तापला नव्हता, गोठला होता. बाहेर भट्टी पेटलेली असताना!

स्टॉकिस्टला फोन केला तर म्हणतो, "बर्फ वितळला नव्हता ना? मग माल थंडच पोचला." यावर काय बोलणार.

तर मला विचारायचं आहे ते असं. पॅकिंग नेमकं कसं करायला सांगू, म्हणजे ना तापेल ना गोठेल? खोक्याच्या मापाला बर्फ किती, याचा काही हिशोब असतो का? आणि पुढचा टप्पा: एटापल्ली, भामरागडकडच्या काही पेशंटना मोटरसायकलवरून इन्सुलिन पाठवतो, त्यांच्या घरी फ्रीज नाही. त्यांना काय सांगावं? मोठे रेफ्रिजरेटेड गाडीवाले उपाय सुचवू नका, माझा माल एका खोक्याचा.

– तालुका_मेडिकल

---

वऱ्हाडी_मिरची: काऊन भाऊ, दिवसाच्या गाडीनं कायले मागवता? रात्रीच्या गाडीनं मागवा ना. रात्री तीस-बत्तीसच राह्यते. अन् डिकीत नका टाकू देऊ, ड्रायव्हरले चहापाण्याचे देऊन केबिनमंदी ठेवा म्हणा. अर्धा प्रश्न इथंच मिटते.

---

तालुका_मेडिकल: रात्रीच्या गाडीचं बघतो. पण भाऊ, रात्री तर पॅक आणखी कमी वितळतील, म्हणजे गोठायचा धोका वाढेल की कमी होईल?

---

शीतसाखळी_निवृत्त: वाढेल. प्रश्न बरोबर विचारलात.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात लस सांभाळण्याच्या कामात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक शून्याला नसतो, उणे १५-२० ला असतो. तो तसाच खोक्यात गेला की पहिला तास-दोन तास शेजारच्या बाटलीतून उष्णता ओढतो आणि तिला शून्याखाली नेतो. बाहेर ४५ असलं तरी पॅकला चिकटलेली बाटली त्यानं वाचत नाही. डीपीटी, पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठल्या की फुकट जातात. त्यामुळे आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं: पॅक बाहेर काढून ठेवा, अंगावर पाणी सुटू द्या, मग कानाशी नेऊन हलवा. आत बर्फाचा तुकडा पाण्यात खुळखुळ वाजला की पॅक शून्यावर आला. मगच कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, भरायचा. याला आम्ही कंडिशनिंग म्हणायचो. उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास पुरतो, थंडीत दीड-दोन तास लागतात.

यात तुमची एक पंचाईत आहे. तुमच्याकडे जेलचे पॅक येतात आणि जेल वाजत नाही. आत किती गोठलंय ते कळायला मार्ग नाही. म्हणून स्टॉकिस्टला साध्या पाण्याचे, झाकणवाले प्लास्टिकचे पॅक वापरायला सांगा. पाण्यात मीठ कोणी घालत असेल तर आधी थांबवा. मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली वितळतं, मग कंडिशनिंगला अर्थ राहत नाही.

दुसरं म्हणजे पॅक आणि औषध यांच्यामध्ये पुठ्ठा हवाच. नालीदार, खोक्याचा असतो तो. व्हायल तिच्या छापील डबीतच राहू द्या, जागा वाचवायला डब्या काढून टाकतात ते करू नका. पॅक बाजूंना आणि वर. मधे रिकामी जागा राहिली तर कागद कोंबा, नाहीतर गाडीच्या धक्क्यांनी पुठ्ठा सरकतो आणि बाटली पुन्हा पॅकला जाऊन भिडते.

---

तालुका_मेडिकल: ताई, फार उपयोगी. आमच्या रेबीजच्या आणि धनुर्वाताच्या बाटल्या गोठल्या की नाही हे ओळखायची काही चाचणी आहे का?

---

शीतसाखळी_निवृत्त: धनुर्वाताला आहे, शेक टेस्ट. त्याच कंपनीच्या त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवायची, मग वितळू द्यायची. ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी ठेवायच्या. संशयितेतला गाळही तितक्याच झटपट खाली बसला तर ती गोठलेली होती. पण ही चाचणी ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या लसींपुरतीच आहे. रेबीजच्या पावडरीला ती लागू नाही, इन्सुलिनलाही नाही. ढगाळ इन्सुलिनमध्ये निदान कण्या दिसतात. ग्लार्जिनसारखं पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गोठून वितळलं तरी तसंच स्वच्छ दिसू शकतं. त्यामुळे त्या खोक्यातल्या पॅकला लागलेल्या स्वच्छ व्हायलीही विकू नका.

आणि बाटलीवरच्या व्हीव्हीएमवर, म्हणजे लस तापली का हे रंगानं दाखवणाऱ्या खुणेवर, विसंबू नका. तो आतला चौकोन उष्णतेनं काळा होतो. गोठल्याचं तो काही सांगत नाही.

---

थंडा_मतलब_बर्फ: सोप्पा उपाय, आइसक्रीमवाल्याकडून ड्राय आइस घ्या. दोन दिवस काही बघावं लागणार नाही.

---

उष्णता_मास्तर: कृपया नको! ड्राय आइस उणे ७८.५ अंशांना असतो. त्यानं दोन दिवस बघावं लागणार नाही हे खरं, कारण बघण्यासारखं काही उरणार नाही. शिवाय त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. घट्ट बंद खोका फुगतो, आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये काचा लावून ठेवला तर माणसालाही धोका.

धागाकर्त्यानं हिशोब विचारलाय तो देतो. मेकॅनिकलवाला आहे, सहन करा.

समजा खोक्याचं आतलं माप ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. सहा बाजूंचं क्षेत्रफळ ०.६६ चौरस मीटर. थर्माकोलची उष्णतावाहकता साधारण ०.०३५. भिंत ३ सेंटिमीटर जाड, बाहेर ४५, आत ५. तर आत शिरणारी उष्णता सुमारे ३१ वॅट, म्हणजे तासाला ११० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल पितो. म्हणजे तीन तासांना एक किलो बर्फ. आठ तासांना पावणेतीन किलो, आणि झाकणाची फट, उन्हात उभी गाडी वगैरे धरून दीडपट करा: चार किलो.

आता भिंत ५ सेंटिमीटरची घ्या. तीच उष्णता साडेअठरा वॅटवर येते. आठ तासांना १.६ किलो, दीडपट करून अडीच किलोच्या आत. बर्फ वाढवण्यापेक्षा जाड खोका घेणं शहाणपणाचं, वजनाचं भाडंही वाचतं.

आता ताईंनी सांगितलेल्या कंडिशनिंगबद्दल. स्टॉकिस्टची पोरं ते टाळतात कारण त्यांना वाटतं, पॅक बाहेर ठेवला की थंडावा वाया जातो. आकडे बघा. उणे १८ चा बर्फ शून्याला यायला किलोमागे फक्त ३८ किलोज्यूल लागतात, आणि शून्याला आल्यावर वितळायला ३३४. म्हणजे तुम्ही जेमतेम दहावा हिस्सा सोडता. खुळखुळ वाजेपर्यंत थांबल्यानं थोडा बर्फ वितळतो तेवढा आणखी जातो. पण तो पहिला दहावा हिस्साच तुमचं इन्सुलिन गोठवतो. खोक्याचा उरलेला सगळा प्रवास शून्याच्या बर्फावर चालतो.

उलट टोकाला जाऊन कोणी सुचवेल की बर्फच नको, फ्रीजमधलं गार पाणी भरलेले पॅक वापरा. गोठायची भीती शून्य, हे खरं. पण २ पासून ८ अंशांपर्यंत तापताना एक किलो पाणी २५ किलोज्यूलच घेतं. बर्फाच्या तेराव्या हिश्शाइतकं. गावातल्या गावात चालेल, मे महिन्यात नागपूर-अहेरी नाही.

---

वऱ्हाडी_मिरची: मास्तर, अन् खोक्याले वरून वलं पोतं गुंडाळलं तं? आमच्या इकडं कूलर चालतेच की त्याच तत्त्वावर.

---

उष्णता_मास्तर: तत्त्व एकदम बरोबर. विदर्भातल्या कोरड्या हवेत ४५ ला ओल्या पोत्याचा पृष्ठभाग पंचविशीच्या आसपास येऊ शकतो, म्हणजे आत-बाहेरचा फरक ४० वरून २० वर, बर्फ निम्मा. अट एकच, पोत्याला वारा लागला पाहिजे. बंद डिकीत काही होणार नाही, आणि गळकं पार्सल ट्रॅव्हल्सवाला घेणारही नाही. मोटरसायकलच्या टप्प्याला मात्र जरूर करा, कॅरियरला बांधलेल्या डब्यावर ओलं फडकं. पावसाळ्यात हा उपाय विसरा.

---

गोदाकाठ: वडिलांना वीस वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे घरी फ्रीज नसलेल्या पेशंटांबद्दल लिहितो. न उघडलेल्या व्हायलीसाठी २ ते ८ हे काटेकोर. पण वापरायला काढलेली व्हायल बहुतेक कंपन्यांच्या पत्रकानुसार २५-३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते (प्रत्येकाचं पत्रक वेगळं, वाचूनच सांगा). प्रश्न उरतो तो तुमच्याकडच्या उन्हाळ्याचा. तिथं माठाचा उपाय खरंच कामाचा आहे: मोठ्या पसरट मातीच्या भांड्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत व्हायल, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वाऱ्याला. व्हायल थेट पाण्यात बुडवायची नाही, लेबल सुटतं.

याला थोडा आधारही आहे. २०२१ साली एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) आणि जिनिव्हा विद्यापीठाच्या लोकांनी केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या घरांसारखं तापमान प्रयोगशाळेत ठेवून पाहिलं, दिवसरात्रीत २५ ते ३७ अंश असं खालीवर होणारं. चार आठवड्यांनी इन्सुलिनची ताकद फ्रीजमधल्या इतकीच निघाली. याचा अर्थ ४५ अंशात पत्र्याखाली ठेवा असा नाही. पण "फ्रीज नाही म्हणून इन्सुलिनच नको" म्हणणाऱ्या पेशंटला धीर द्यायला उपयोगी आहे. एका वेळी एकच व्हायल द्या, बाकीच्या तुमच्या फ्रीजमध्ये त्याच्या नावानं ठेवा.

अवांतर: शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवणारे व्हायल नेमकी बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ठेवतात. तिथंही गोठते. मधला कप्पा, मागच्या भिंतीपासून दूर, एवढं लिहून द्या.

---

तालुका_मेडिकल: सगळ्यांचे आभार, इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. आज स्टॉकिस्टशी पुन्हा बोललो. मास्तरांचा "दहावा हिस्सा" सांगितल्यावर मालक जरा नरमला. पण म्हणाला, पॅकिंगच्या पोराला अर्धा तास थांबायला वेळ कुठे, गाडीची वेळ ठरलेली.

---

शीतसाखळी_निवृत्त: थांबायचं कशाला? तुमची ऑर्डर फोनवर आली की पहिलं काम पॅक बाहेर काढून टेबलावर सुटे मांडायचे, एकावर एक नाही. मग माल काढा, बॅच नंबर लिहा, बिल बनवा. तोवर पॅक तयार. शेवटी हलवून बघायचा, वाजला की भरायचा. आणि खोक्यावर "पॅक वाजवून भरले" असं लिहून सही करायला लावा. सही आली की माणूस खरंच वाजवून बघतो.

---

उष्णता_मास्तर: आणि एक यूएसबीचा डेटा लॉगर घ्या. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारा, हातात मावणारा. तो पॅकला चिकटवू नका, झाकणालाही नको. व्हायलींच्या मधोमध, एका रिकाम्या डबीत. दुसरा मिळाला तर तो पॅकच्या बाजूच्या व्हायलीला लावा, सगळ्यात आधी तीच गोठते. पुढच्या वेळी "बर्फ वितळला नव्हता ना" म्हटलं की आलेख पाठवून द्यायचा.

---

तालुका_मेडिकल: लॉगर मागवतो. ठरलं ते असं: ५ सेंटिमीटर भिंतीचा खोका मी घेऊन तिकडे पाठवणार, रिकामा परतीच्या गाडीनं. पाण्याचे पॅक, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, रात्रीची गाडी, केबिनमध्ये. त्या कण्यावाल्या आणि पॅकला लागलेल्या व्हायली फोटो आणि बॅच नंबरसह परत पाठवल्या. क्रेडिट नोट द्यायला अजून कां-कूं चाललंय.

एक राहिलं. जून संपला की पर्लकोटा नदी चढते आणि भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून त्या पेशंटांचा माल आधीच पोचवावा लागतो. ५ अंशांना वितळणारे, न गोठवणारे पीसीएम पॅक (पाण्याऐवजी वेगळा पदार्थ भरलेले) असतात असं ऐकलंय. नागपुरात किंवा चंद्रपुरात कोणी दहा-बारा इतके किरकोळ देतं का? कंपन्या फोनवर थेट शेकड्यातच बोलतात.

---

शीतसाखळी_निवृत्त: पीसीएम मिळाले तरी ते डीप फ्रीझरमध्ये नको, नाहीतर तेही उणे १८ चे होऊन बाहेर येतील आणि पुन्हा हीच कथा. फ्रीजमध्येच, २-३ अंशांवर, आदल्या रात्रीपासून. नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याला किरकोळीचं विचारते, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.