डेस्कटॉपवर ऑनलाइन टीव्ही अडकतोय: नेट बदलू, राउटर बदलू की कॉम्प्युटरच?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. डिशचं रिचार्ज बंद केल्यापासून आमच्याकडं सगळं टीव्ही बघणं डेस्कटॉपवर चालतं. कॉम्प्युटर माजघरात, एचडीएमआय केबलनं ३२ इंची टीव्हीला जोडलेला. आबांचं सकाळी अभंग, दुपारी मराठी बातम्यांचं लाइव्ह, आणि मॅच असली तर मॅच. पण धड काही दिसंना झालंय. मधेच थांबतं, मधेच लटकतं, आणि बातम्यांच्या खाली ती पट्टी सरकते ना, ती तर कायम धक्के खातच जाते. आबा म्हणतात, डिश पावसात तरी बंद पडायची, हे उन्हातपण पडायलंय.

मशीन : तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-३, ८ जीबी रॅम, विंडोज १०, क्रोम.
नेट : केबलवाल्याचं फायबर, ५० एमबीपीएसचा प्लॅन. राउटर पुढच्या सोप्यात, कॉम्प्युटरला यूएसबीचं वायफाय डोंगल. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की ४५ च्या वर दाखवतं.

नेटवाला म्हणतो १०० चा प्लॅन घ्या. कॉम्प्युटर दुकानवाला म्हणतो मशीन भंगारात घाला. भाचा म्हणतो राउटर बदला. तिघांचं ऐकलं तर तेवढ्यात दुभती म्हैस येईल. माझी तयारी चार-पाच हजारांपर्यंत आहे. कुठं घालू?

निपाणीकर

१०० चा प्लॅन अजिबात घेऊ नका. फुल एचडीला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतं, फोरकेला १५ ते २५. तुमच्या ५० मध्ये घरातल्या प्रत्येकाला वेगळा टीव्ही लावून दिला तरी उरेल.

पण एक सांगा, अडकतं म्हणजे नेमकं काय होतं? चित्र थांबून मधे गोल फिरतं, की आवाज सरळ चालतो आणि चित्र तेवढं मागं राहतं? दुखणी दोन आहेत, आणि लोक दोन्हीवर एकच गोळी देतात.

मलप्रभाकाठ

दोन्ही होतंय की ओ! गोल फिरणं रात्री जेवणाच्या वेळेला जास्त. मॅचला कॉमेंट्री बरोबर ऐकू येते पण बॉल हातातून सुटलेला दिसत नाही, एकदम बाउंड्रीवर दिसतो. पट्टीचं म्हणाल तर ते दिवसभर, तेव्हा गोल-बिल काही नसतं.

सीमेवरचा_सदा (चिकोडी)

मराठी चॅनेल म्हणून इकडं मुद्दाम अडकवत असतील. हलके घ्या.

तिसरं_गेट (टिळकवाडी)

सदाभाऊ, तो विषय त्याच्या धाग्यात. व्हिडिओ जवळपासच्या कुठल्या तरी साठवणीच्या सर्व्हरवरून येतो, आणि त्या सर्व्हरला मराठी-कानडी काही कळत नाही. कन्नड बातम्या लावून बघा म्हणावं, पट्टी तशीच धक्के खाईल.

मलप्रभाकाठ, काही विकत घेण्याआधी एवढं करा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा. यादीत ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ दिसेल. ते उघडलं की कोपऱ्यात एक काळी चौकट येते. आकड्यांची गर्दी आहे, घाबरू नका, चारच ठिकाणी बघायचं.

पहिलं, ‘बफर हेल्थ’. पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन पडलाय, तो हा आकडा. साध्या व्हिडिओला तो बऱ्यापैकी वर असतो. लाइव्हला मुळातच कमी, कारण पुढचं अजून घडलेलंच नसतं. हा आकडा शून्याकडं घसरत गेला आणि मग गोल फिरलं तर दोष नेटचा किंवा वायफायचा.

दुसरं, ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’, म्हणजे दाखवायची राहून गेलेली चित्रं. बफर भरलेला आहे आणि तरी हा आकडा भराभरा वाढतोय, तर नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. माल दारात येऊन पडलाय, तुमच्या मशीनला तो सोडवायला वेळ पुरत नाही.

तिसरं, ‘कोडेक्स’, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीनं दाबून पाठवलाय ते. तिथं सुरुवातीला एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असं काहीतरी असेल. एव्हीसी१ म्हणजे एच.२६४, हे जुनं आणि सोपं. तिसऱ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ उलगडायची सोय चिपमध्येच आहे. व्हीपी९ ची नाही; ती पूर्णपणे आली सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ ची अकराव्यापासून. सोय नसली की सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर. ७२० ला तो कसाबसा निभावतो, १०८० आणि वर सेकंदाला ६० फ्रेम म्हटलं की मान टाकतो. मॅचमध्ये नेमकं तेच होत असणार.

चौथं, रिझोल्यूशनच्या पुढं @ करून आकडा असतो, २५, ३०, ५०, ६० असा; सेकंदाला किती चित्रं येतात तो. बातम्या लावून तो आकडा लिहून पाठवा. पट्टीबद्दल मला एक शंका आहे, पण आधी आकडा येऊ दे.

वडगावची_वहिनी

रात्रीच्या गोल फिरण्यावर मी लिहिते, आमच्याकडं हे सगळं होऊन गेलंय.

मोबाइलवरची स्पीड टेस्ट विसरा. ती तुम्ही सोप्यात राउटरपाशी उभं राहून केली असणार. कॉम्प्युटर आहे माजघरात, मधे जुन्या घराची भिंत. तुमच्याकडं जांभ्याच्याच असतील ना भिंती? वीतभर जाड दगडातून वायफाय जाताना अर्धमेलं होतं. त्यात ते डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खोचलेलं, म्हणजे समोर पत्रा आणि मागं भिंत. स्वस्त डोंगल बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. तो पट्टा लांब जातो खरा, पण शेजारपाजारचे सगळे राउटरही त्याच्यावरच आणि ब्लूटूथही तिथंच. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंतीपुढं तो आणखी लवकर हरतो.

खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून राउटरला पिंग लावा, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. राउटरचा पत्ता बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो, पाठीमागच्या स्टिकरवर लिहिलेला असतोय. टाइप अर्थात इंग्रजीत करायचं, आणि शेवटी मोकळी जागा सोडून उणे चिन्ह आणि टी दिलं की पिंग थांबत नाही, चालूच राहतं. स्वतःच्याच घरातल्या राउटरला उत्तर द्यायला दोन-चार मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागायचं काम नाही. तिथंच १००-२०० व्हायला लागलं किंवा ‘टाइम्ड आउट’ आलं, तर दोष घरातला. राउटर चांगला आणि त्याच्या पुढं बाहेरच्या पत्त्याला, म्हणजे ८.८.८.८ ला रात्रीच तेवढं लटकतंय, तर मग नेटवाल्याला धरा.

आणि रात्रीच का? सगळे घरी येतात, फोन चार्जिंगला लावतात आणि प्रत्येक फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला घेतो. अपलोड तुंबलं की डाउनलोडही रखडतं, कारण आलेल्या पाकिटांची पोच वर पाठवायला वाटच मोकळी नसते. आमच्यात पोराच्या फोनवरचा बॅकअप मध्यरात्रीनंतर लावला आणि बराच फरक पडला. तरी खरा उपाय म्हणजे लॅन केबल. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सरळ वायर.

शहापूरचा_शाम्या

एवढी डोकेफोड कशाला? तीन-चार हजारांत टीव्हीच्या मागं लावायची स्टिक येते. तिच्या चिपमध्ये व्हीपी९ ची सोय असते, रिमोट मिळतो, आबांना माउस हातात धरायला नको. कॉम्प्युटर पोरांच्या अभ्यासाला ठेवा.

निपाणीकर

शाम्याचं चूक नाही, पण स्टिकपण वायफायवरच चालणार ना? भिंत तीच, रात्र तीच. आधी वायर.

मलप्रभाकाठ

सगळं करून बघितलं. काल मॅचच्या वेळी कोडेक व्हीपी०९, १०८० @६०, बफर भरलेला, आणि ड्रॉप्ड फ्रेम्स मीटरच्या चकतीसारखे पळायलेत. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १००. म्हणजे मॅचचं दुखणं मशीनचंच, तिसरं गेट म्हणाले तसं.

रात्री राउटरला पिंग लावलं. सोप्यात लॅपटॉपवर २-३, माजघरात डेस्कटॉपवर कधी ५, कधी ३४०, मधेच टाइम्ड आउट. वहिनी, डोंगल कॅबिनेटच्या मागंच होतं आणि भिंत जांभ्याचीच.

बातम्यांना @२५ दाखवतंय. ड्रॉप्ड शून्य! तरी पट्टी धक्के खाते. हे काय गौडबंगाल?

तिसरं_गेट

हाच आकडा मला पाहिजे होता.

आपल्याकडचं टीव्ही प्रसारण पहिल्यापासून ५० हर्ट्झच्या हिशोबाचं, सेकंदाला २५ चित्रं. चॅनेलवाले तेच उचलून लाइव्हला देतात. तुमचा कॉम्प्युटर मात्र टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतोय. ६० ला २५ नं भाग जात नाही. म्हणून एक चित्र दोन वेळा दिसतं, पुढचं तीन वेळा, परत दोन, अधेमधे दोनला दोन. निवेदक बसून बोलत असतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. एका वेगानं सरकणारी पट्टी मात्र लगेच चुगली करते. कॉम्प्युटरही बरोबर, नेटही बरोबर, फक्त गणित जुळत नाही.

उपाय फुकट आहे. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग्ज, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं रिफ्रेश रेट. टीव्ही जोडलेला असेल तर यादीत ५० हर्ट्झ बहुतेक दिसेल. ते निवडा. आता प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. जाता जाता तिथं ३० हर्ट्झ लागलेलं नाही ना तेही बघा; काही टीव्हींना आपोआप ते लागतं आणि मग माउससुद्धा जड वाटतो. ६० फ्रेमची मॅच बघताना मात्र परत ६० करा.

मॅचसाठी : फायरफॉक्स घ्या, त्यात एच२६४ईफाय नावाचं एक्स्टेन्शन आहे. ते यूट्यूबला सांगतं की ह्या मशीनला व्हीपी९ नको, एच.२६४ च दे. त्यात १०८० च्या वर मिळत नाही, पण ३२ इंचाला वर कशाला पाहिजे? त्याच एक्स्टेन्शनमध्ये ६० फ्रेम बंद करायचीही खूण आहे, लागलीच तर वापरा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू पाहिजे, नाहीतर चिपमधली सोय असून नसल्यासारखी. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या जागी इंटेलचं नाव न दिसता ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर ड्रायव्हरच नाही, आधी तो घाला.

कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या पंख्यावरची धूळही झाडा, मशीन बंद करून, वायर काढून. तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

वडगावची_वहिनी

केबल घेताना कॅट ५ई पुरेशी आहे, कॅट ६ मिळाली तर घ्या, फरक फार नाही. १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला वीसेक मीटर लागेल. दोन्हीकडं टोकं बसवलेली तयार घ्या. बेळगावला येणं झालं तर खडेबाजारला चौकशी करा. भिंतीला भोक पाडायचं तर टोक न बसवलेली घेऊन नंतर क्रिंप करा (टोक दाबून बसवा), म्हणजे भोक बारीक पुरतं. लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका.

निपाणीकर

खानापूरकडचा पाऊस म्हणजे लाइटचं काही खरं नाही. अर्ध्या मिनिटापुरती लाइट गेली तरी राउटर परत उठून नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि आबा म्हणणार अडकलं. राउटरसाठी १२ व्होल्टची छोटी यूपीएस मिळते. अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर बघून तशीच घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही तिच्यावरच घ्या, नाहीतर राउटर जागा आणि डबा झोपलेला.

आणि फायबरची ती पातळ पिवळी किंवा पांढरी वायर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली असली तर सोडवा. काचेची असते, घट्ट वळवली की उजेड गळतो. डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर मग खरंच नेटवाल्याचं काम.

मलप्रभाकाठ

रिपोर्ट देतो. केबल ओढली, भाच्यानंच वर चढून तुळईवरून नेली. राउटरचं पिंग आता १ च्या वर जात नाही, रात्रीसुद्धा. फायरफॉक्स आणि एक्स्टेन्शन घातलं, मॅचला सीपीयू तीस-चाळीसवर आलाय आणि बॉल हातातून सुटताना दिसायलाय. ५० हर्ट्झ यादीत होतं. पट्टी लोण्यासारखी सरकते, आता आबा बातम्या सोडून पट्टीच वाचत बसतात.

यूपीएस धरून सगळं दोन हजारांच्या आत. नेटवाल्याला १०० चा प्लॅन नको म्हणून कळवलं, तो जरा नाराज.

एकच राहिलं. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून सारखी पाटी येते. ११ टाकू काय?

तिसरं_गेट

तिसऱ्या पिढीवर ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्या पिढीपासून पुढं पाहिजे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण. १० चा साधा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुगाड करून ११ घालणारे आहेत, तुम्ही त्या फंदात पडू नका. मशीन फक्त टीव्हीसाठी वापरणार असाल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम घाला, पण ब्राउझरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (चिपमधली ती सोय) लागलंय का ते तिथं परत तपासावं लागेल. तोवर त्या मशीनवरून बँकेचं काही करू नका. मिंटचा पेनड्राइव्ह करायचा असेल तर सांगा, वेगळा धागा काढू.