शेतात उतरलेले ग्लायडर आणि ताक

दादरचा_रहिवासी (प्रश्न)

माझे वडील १९७० च्या दशकात रविवारी पहाटेच्या गाडीने दादरहून पुण्याला जात आणि हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात उड्डाणाचे धडे घेत. ते गेल्यानंतर कपाट आवरताना त्यांची उड्डाणवही हाती आली. तिच्यातील बहुतेक नोंदी सात-आठ मिनिटांच्या आहेत; मात्र एप्रिलमधल्या एका नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ‘शेतात उतरलो. ताक उत्तम होते.’ एवढेच लिहून ठेवले आहे. हा प्रसंग त्यांनी घरी कधीच सांगितला नाही. आईला विचारले, तर तिला त्यातले ताकच तेवढे लागले, कारण घरच्या ताकाला त्यांनी जन्मात कधी उत्तम म्हटले नव्हते. असे शेतात उतरणे म्हणजे अपघात समजायचा का? आणि त्यात ताक कुठून आले असावे? जाणकारांनी आपले अनुभवही लिहावेत, ही विनंती.

मुलुंडचे_काका

अपघात मुळीच नव्हे. ग्लायडरला इंजिन नसते. विंचच्या, म्हणजे जमिनीवरून तार गुंडाळून घेणाऱ्या यंत्राच्या, तारेने वर ओढून सोडले की पुढचा सगळा व्यवहार थर्मलवर, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर चालतो. थर्मल सापडेनासे झाले आणि धावपट्टी टप्प्यात नसली, की शेत निवडून उतरायचे. ब्लानिक जातीचे दोन आसनी ग्लायडर १ किलोमीटर उंचीवरून शांत हवेत सुमारे २८ किलोमीटर जाते असे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात निम्मेच धरावे, कारण समोरचा वारा पुस्तक वाचत नाही.

माझा प्रसंग सासवडच्या बाजूचा. वरून छान हिरवळ वाटलेला पट्टा खाली येता येता पुरुषभर उंचीचा ऊस निघाला. शेजारचे ज्वारी काढून झालेले रान मी आधीच हेरून ठेवले होते, म्हणून निभावले. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, त्यामुळे खांब शोधायचे असतात. ते पाहून घेतले, उतरताना वेग आवरणारे पंखांवरचे एअरब्रेक उघडले आणि धसकटांवरून खडखडत थांबलो. झाकण उघडतो तोच एक आजोबा धापा टाकत पोहोचले आणि त्यांनी विचारले, “पेट्रोल संपलं का? आमच्या ट्रॅक्टरमधी डिझेल हाय, चालंल?” इंजिनच नाही असे सांगितल्यावर त्यांनी पुढून, मागून आणि पोटाखाली वाकून खात्री करून घेतली. मग ते माझ्याकडे जसे पाहू लागले, तसे फसवला गेलेल्या गिऱ्हाईकाकडे पाहतात.

अर्ध्या तासात सारा गाव लोटला. कोणीतरी ग्लायडरच्या नाकाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. पंखांचा पसारा १६ मीटरांचा, आणि प्रत्येक पोराला त्याचे टोक दाबून पाहायचे होते. सिल्व्हर बॅज या ग्लायडर वैमानिकांच्या प्रावीण्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटरचे उड्डाण लागते, आणि त्या काळी जिथे उतरलो तिथल्या दोन साक्षीदारांच्या सह्या दाखल्यावर घ्याव्या लागत. मी कागद काढून “सही करता का?” असे विचारताच हा माणूस धरणाच्या मोजणीला आला आहे, असा सर्वांचा समज झाला आणि निम्मी गर्दी क्षणात पांगली. ताकाचे म्हणाल, तर ग्लायडर न्यायला ट्रेलर येईपर्यंत एप्रिलच्या उन्हात तीन-चार तास बसावे लागते, आणि आपल्याकडचे कोणतेही गाव पाहुण्याला तसे कोरडे बसू देत नाही.

पार्लेकर

काकांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. उतरण्याचा निर्णय वेळेवर घेतला तरच पुढे गंमत उरते. थर्मलच्या आशेने लोंबकळत राहून शेत उशिरा निवडणारे वैमानिक ग्लायडर मोडून घेतात.

नोकरीनिमित्त इंग्लंडात असताना मी उड्डाण शिकलो. तिथे गाई असलेले शेत टाळा, मेंढ्या त्या मानाने परवडल्या, असे बजावून सांगतात. जुन्या ग्लायडरांचे पंख कापडी असत आणि त्यांवरच्या रोगणाची चव गाईंना फार आवडे. चाटता चाटता त्या कापड फाडून ठेवत. आमचा एक सहकारी ट्रेलर येईपर्यंत दोन तास मिटलेली छत्री उगारून पंखाभोवती फेऱ्या मारत होता. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी त्याला तो गुराखी समजून दुधाचा भाव विचारला.

इंजिनाविना उतरण्यात माझ्या मते सर्वांत नामांकित प्रसंग एका प्रवासी विमानाचा आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात बोइंग ७६७ चे इंधन पौंड आणि किलोग्रॅमच्या घोळामुळे ४१,००० फुटांवर संपले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हे हौशी ग्लायडर वैमानिक होते. त्यांनी ते धूड ग्लायडरसारखे तिरके घसरवत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले, तेव्हा त्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतींचा मेळा भरलेला होता. विमानातील सर्व ६९ जण वाचले. दुरुस्तीसाठी निघालेल्या तंत्रज्ञांच्या गाडीचेही इंधन वाटेत संपले, असे सांगतात.

दादरचा_रहिवासी

दोघांचेही आभार. काकांचे उत्तर वाचून उड्डाणवही पुन्हा उघडली. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात घडी घातलेला एक दाखला मिळाला. त्यावर एक मोडी वळणाची सही आणि एक अंगठा आहे, तर अंतराच्या रकान्यात ४१ किलोमीटर लिहून त्यावर पेन्सिलीने काट मारली आहे. एका कोपऱ्यात गोल पांढुरका डाग आहे. तो पेल्याच्या बुडाचा असावा, असे आईचे म्हणणे आहे.