काइटबोर्डिंगला हेल्मेट सक्तीचं असावं का? आमच्या ग्रुपमध्ये तीन-तीन मतं पडली आहेत

गोदाकाठ
आम्ही नाशिकचे सहा जण जुलैत रामेश्वरमकडे काइटबोर्डिंगला चाललोय, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पायाखालच्या बोर्डावरून पाण्यावर घसरायचं. मदुराईपर्यंत विमान, पुढे गाडी. चौघं मागच्या वर्षी शिकलेले, दोघं अगदी नवे. मी म्हटलं, सहाही जणांनी हेल्मेट घालायचं. जो घालणार नाही त्याचा काइट किनाऱ्यावर कुणी हवेत उचलून द्यायचा नाही. यावरून तिघं माझ्या बाजूने, तिघं विरुद्ध.

माझा आग्रह कुठून आला ते सांगते. मागच्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यात होते. बोर्ड पायातून सुटला, तो पंधरा-वीस फुटांवर तरंगत होता. त्याच्याकडे जाताना वाऱ्याचा झटका आला, काइटने मला ओढलं आणि मी सरळ बोर्डाच्या कडेवर. कानाच्या वर चार टाके. हेल्मेट बॅगेत होतं, कारण शिकवणारा म्हणाला होता, "पाणी उथळ आहे, गरज नाही." उथळ पाण्यात तर खालची जमीनही लागते! आईला आजही मी पूर्ण हकीकत सांगितलेली नाही.

वारा_बघणारा
ताई, टाके पडले याचं वाईट वाटलं. तरीही सक्तीला माझा विरोध आहे. मी पाच वर्षं काइट करतोय आणि खोल पाण्यात हेल्मेट घालत नाही.

२००४ साली एका संशोधन नियतकालिकात अभ्यास आला होता. २३५ काइटसर्फर, दर १००० तासांमागे सुमारे ७ दुखापती. त्यातल्या निम्म्याहून जास्त दुखापतींचं कारण काय निघालं? काइट हार्नेसपासून, म्हणजे कमरेच्या पट्ट्यापासून, वेळेवर सोडवता आला नाही. म्हणजे माणूस वाचतो तो क्विक रिलीजवर (काइट झटक्यात सोडायच्या कळीवर) हात पटकन गेल्यामुळे. तुमच्या नव्या दोघांना विचारा, डोळे मिटून रिलीज ओढता येतो का? येत नसेल तर आधी ते शिकवा. हेल्मेट चढवलं की आपण सुरक्षित झालो असं नवख्याला वाटतं, आणि १२ नॉट वाऱ्याचा माणूस १८ नॉटमध्ये उतरतो (नॉट म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं एकक). वारा दीडपट झाला की ओढ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

दुसरं म्हणजे, वेगात पाण्यावर आपटलं की सैल हेल्मेटात पाणी भरतं आणि मान मागे खेचली जाते.

गोदाकाठ
त्याच अभ्यासात पाऊल आणि घोट्यानंतर सर्वांत जास्त दुखापती डोक्याच्या होत्या, १४ टक्के. तो आकडा तुम्ही गाळलात. रिलीजचा सराव हवाच, पण माझ्या वेळी रिलीज ओढायला क्षणही मिळाला नाही. बोर्ड समोरच होता.

आणि सैल हेल्मेटात पाणी भरतं, हे मापाचं हेल्मेट घेण्याचं कारण झालं, न घालण्याचं नव्हे.

सिडकोवाली
मला पाण्यातलं काही कळत नाही, सक्तीचं कळतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशिकमध्ये पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं तेव्हा पंपाच्या कोपऱ्यावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून घेणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. पेट्रोल भरलं, हेल्मेट परत, गाडी सुसाट. पटलं नाही तर माणूस पळवाट शोधतो. म्हणून मी 'वारा_बघणारा' यांच्याशी निम्मी सहमत.

गोदाकाठ
पोलीस आणि मित्र यात फरक आहे ना. पंपावर कुणी मला ओळखत नाही. तिथे माझा काइट जो उचलून देणार आहे, तोच मला लागलं तर पाण्यातून ओढून बाहेर काढणार आहे. त्याला अट घालायचा हक्क आहे.

येवलेकर
मी काइटबोर्डिंग कधी केलेलं नाही, पण पतंग आणि ओढ कळते. आमच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस गावची गच्ची भरलेली असते. आसारी (मांज्याची फिरकी) धरलेला पोरगा वर बघतो, पायाखाली कठडा संपला हे त्याला कळत नाही. धडपडतात ते आकाशाकडे बघणारे. तुमच्याही खेळात नजर वरच असणार. मग पाय, बोर्ड, दगड, माणूस कुठे आहे हे दिसणार कसं? सरावलेल्याचंही तेच होतं. आमच्याकडे तीस-तीस वर्षं पतंग उडवणारे पडलेत. म्हणून पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखला मला पुरेसा वाटत नाही, दादा. राग मानू नका.

वारा_बघणारा
राग कसला, हा मुद्दा खरा आहे. काइटचे वाईट अपघात बहुतेक किनाऱ्यावर किंवा किनाऱ्यालगत होतात, काइट उचलताना आणि उतरवताना. माणूस उचलला जातो आणि भिंतीवर, झाडावर, दगडावर जाऊन पडतो. म्हणूनच म्हणतो, किनाऱ्यापासून लांब राहा, वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे जात असेल तर उतरूच नका, आणि बोर्ड दोरीने पायाला बांधू नका. ती दोरी ताणली जाते आणि बोर्ड उलटा येऊन डोक्यावर बसतो.

सह्यभटक्या
हेल्मेटवाद्यांना एक आठवण. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजने हेल्मेट घातलं होतं. चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला आणि तो गेला. हेल्मेट म्हणजे कवचकुंडलं नव्हेत.

गोदाकाठ
आणि त्यानंतर काय झालं? हेल्मेटच्या मागे मान झाकणारं कवच आलं. फलंदाजांनी हेल्मेट काढून ठेवली नाहीत. १९६२ साली बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला, कवटी फुटली, कसोटी कारकीर्द तिथेच संपली. तेव्हा डोक्यावर काही नव्हतं. दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून बघा.

२०२४ च्या ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती मार्सेयला झाल्या. जगातले सर्वांत तरबेज लोक, आणि डोक्यावर हेल्मेट. त्यांना कमीपणा वाटला नाही.

वारा_बघणारा
तिथे फॉइल असतं, म्हणजे बोर्डाखाली धारदार पंखाचा दांडा, वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर आणि आजूबाजूला गर्दी. तिथे मीही घालीन. मोकळ्या खोल पाण्यात, साध्या बोर्डावर, एकटा असताना ते माझं मी ठरवीन.

नवखा_सातपूर
मी त्या दोन नव्यांपैकी एक. माझ्याकडे गाडीचं आयएसआय हेल्मेट आहे, तेच आणलं तर चालेल का? पाण्याचं वेगळं घ्यायचं तर दोन-तीन हजार जातात.

वारा_बघणारा
अजिबात नको! यावर तरी आम्हा सगळ्यांचं एकमत असेल. गाडीचं हेल्मेट जड, आतला थर्माकोलसारखा भाग एकाच धक्क्यासाठी केलेला, पाणी निघायला वाट नाही. ते घालून पाण्यात पडणं धोक्याचं आहे. पाण्याच्या खेळांचं घे, ईएन १३८५ असा शिक्का असतो. हलकं, छिद्रांचं, कान झाकणारं. हनुवटीखाली पट्टा आवळून डोकं जोरात हलव. हेल्मेट सरकलं तर एक नंबर लहान बघ.

आणि आणखी एक. जायच्या आधी गंगापूर धरणाच्या पाण्यावर 'सराव' करायचा विचार कुणाच्या मनात असेल तर काढून टाका. चहूबाजूंनी डोंगर, वारा झटके देत येतो. तिथे हेल्मेट असो वा नसो, मी कुणाचाच काइट उचलून देणार नाही.

गोदाकाठ
मग आमच्या नियमाबद्दल काय? तुम्ही आमच्यासोबत असता तर?

वारा_बघणारा
किनाऱ्यावर, उथळ पाण्यात आणि नवख्यांच्या आसपास घातलं असतं. खोल पाण्यात गेल्यावर काढलं असतं.

गोदाकाठ
काढून ठेवणार कुठे, दादा? खोल पाण्यात खुंटी नाही. आणि परत येताना तुम्ही किनाऱ्यालाच येणार.

वारा_बघणारा
याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही. विचार करतो.

नवखा_सातपूर
डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर आला. मध्यम घेऊ की मोठं?