कामांची यादी: सगळी ॲप उडवली, भिंतीवर परत आलो

पेनशाई
तीन वर्षांत कामांची यादी ठेवायला पाच ॲप वापरून झाली, परवा सगळी काढून टाकली. शेवटच्यात २१४ कामं साठलेली. त्यात एक होतं 'बाबांचा चष्मा दुरुस्त करणे', बाबांनी तो चष्मा फेकून नवीन केला त्यालाही वर्ष झालं. आता सरळ भिंतीवरच्या कालनिर्णयवर आलोय. तारखेच्या चौकोनात दोन ओळी मावतात, तिसरी लिहिली की काही वाचता येत नाही, म्हणजे दिवसाला दोनच कामं, बाकी रोजचं चालूच असतं ते कोण लिहितं. लहानपणी आई त्याच चौकोनात दुधाचे खाडे लिहायची, गॅस लावल्याची तारीख लिहायची, घर चालत होतं की.

माझं म्हणणं एवढंच की ॲपला तळ नाही, कितीही ओता. कागद भरतो आणि मग आपल्यालाच ठरवावं लागतं की कशावर काट मारायची. पटतंय का?

लोकलवाला
+१. मुंबईचे डबेवाले बघा, १८९० पासून चाललंय, कुठलं ॲप होतं तेव्हा? झाकणावर रंगाने चार खुणा आणि डबा बरोबर त्या बिल्डिंगच्या त्या मजल्यावर. आणि आपल्याला दळण आणायला पण नोटिफिकेशन लागतं.

गोटीसोडा
अहो हे उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. झाकणावरच्या त्या खुणा म्हणजे काय, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, म्हणजे सिस्टिमच झाली ना, कोणी डोक्यात ठेवत नाही. वर टोळीला मुकादम असतो, एखादा आला नाही तर दुसरा लाईन उचलतो. तुमच्या कालनिर्णयचा मुकादम कोण? आणि त्यांचा रूट रोज तोच, माझं काम सकाळी ठरतं आणि अकराच्या कॉलमध्ये बदलतं. ऑफिसमधून घरची भिंत दिसत नाही हो. शिवाय २१४ कामं ॲपने नाही टाकली, तुम्ही टाकलीत. आठवड्याला पंधरा मिनिटं बसून उपसली असती तर हा धागाच निघाला नसता.

पेनशाई
पंधरा मिनिटं बसायचंय हे कुठल्या ॲपमध्ये टाकू? :) पण भिंतीचा मुद्दा मान्य. सकाळी निघताना चौकोनातलं चिठ्ठीवर उतरवून खिशात टाकतो. ती चिठ्ठी दोनदा धुण्यात गेली हेही मान्य.

टमाटर२५
यादी कुठे ठेवता हा प्रश्नच नाही, कामाला बसता किती हा आहे. मी पोमोडोरोवाला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन पोराने १९८०च्या दशकाच्या शेवटी शेवटी कॉलेजच्या अभ्यासासाठी काढलं, त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा किचनचा टायमर होता म्हणून हे नाव, इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो. मी फोनवर लावत नाही, फोन हातात घेतला की रील्स. साधा चावीचा टायमर घेतलाय, टिकटिक वाजतो, तेवढीच सोबत. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ मध्ये लिहूनच ठेवलंय की काम दिलेल्या वेळाएवढं पसरतं, मग वेळच कमी द्या.

लोकलवाला
आमच्याकडे २५ मिनिटांत दोनदा बेल वाजते, एकदा कुरियर, एकदा शेजारच्यांचं कुरियर.

सातासमुद्रा
न्यू जर्सीहून लिहितेय, आईबाबा सांगलीत. बाबांच्या डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल, औषधं संपायची तारीख, विम्याचा हप्ता, सगळं माझ्या, भावाच्या आणि आईच्या फोनवर एकाच गूगल कॅलेंडरमध्ये आहे. इथे उन्हाळ्यात सांगली साडेनऊ तास पुढे असते आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेदहा. पहिल्या वर्षी मी हे सगळं डायरीत लिहायचे, घड्याळ बदललं, मी आपली जुन्याच हिशोबाने बसलेय आणि तिकडे कॉल होऊन गेलेला. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. कागदाचं प्रेम मलाही आहे, किराण्याची यादी अजून पाकिटाच्या मागे लिहिते. पण ज्या कामात दुसरा माणूस आहे ते कागदावर ठेवायला मी आता धजत नाही.

गोटीसोडा
हेच! एकट्याचं काम कागदावर, दोघांचं फोनवर.

रानमोगरा
सगळे कागद की फोन यावर भांडताय, मला एक सांगा, कालनिर्णयवर लिहिलेलं रोज बघतं कोण? आमच्याकडेही चौकोनात सगळं असायचं, पालकसभा, पाण्याचं बिल, आत्याबाईंचं श्राद्ध. आणि दर वेळी 'अगं आज काय होतं गं?' म्हणजे कॅलेंडर भिंतीवर आणि रिमाइंडर मी. पेनशाई, तुमच्या आईने खाडे लिहिले म्हणून घर चाललं नाही, महिनाअखेर दूधवाल्याशी हिशोबाला त्याच उभ्या राहिल्या म्हणून चाललं. दिवाळीनंतर मी सगळं शेअर्ड यादीत टाकलं आणि अर्ध्या कामांवर ह्यांचं नाव. पहिल्यांदा वाजलं तेव्हा म्हणाले, 'तुझं ते ॲप वाजतंय बघ.' माझं!

टमाटर२५
हसून हसून पुरेवाट. 'तुझं ते ॲप'.

पेनशाई
रानमोगरा ताई, वर्मावर बोट ठेवलंत. मी वाद घालायच्या तयारीत होतो की माझं मीच बघतो, म्हणून आत जाऊन या महिन्याचं पान नीट पाहिलं. माझ्या हातच्या नऊ ओळी आहेत. गॅसची तारीख, पोरीचं इंजेक्शन, सोसायटीचा मेंटेनन्स, हे सगळं बायकोच्या अक्षरात. दिवसाला दोनच कामं मला कशी पुरतात ते कळलं. तळाचा माझा मुद्दा मी अजून सोडत नाहीये, पण तो फक्त माझ्या कामांपुरता निघाला. तिला धागा वाचायला दिला, ती म्हणाली शेअर्ड यादी कर, पण टाकायचं तू, मी नाही.

रानमोगरा
टाकलंत का मग?

पेनशाई
रविवारी बसतो.

गोटीसोडा
चौकोनात लिहून ठेवा.

लोकलवाला
ते राहू दे, सिलेंडर किती दिवस चालला ते सांगा, आमचा हल्ली महिनाभरही पुरत नाहीये.