माळ्यावर सापडलेले जुने शिरस्त्राण: खरे कसे ओळखावे आणि गंज काढावा का?

प्रश्न
साताऱ्याजवळच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी चालू असताना माळ्यावरच्या पेटीत एक पोलादी शिरस्त्राण मिळाले. वर टोक, समोर खालीवर सरकणारी नाकपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना तुरे खोवायच्या नळ्या आणि मागे खांद्यापर्यंत रुळणारी कड्यांची जाळी आहे. सोनेरी वेलबुट्टीमध्ये जागोजाग गंज चढला आहे. ते लढाईत वापरलेले आहे, असे घरातले वडीलधारे सांगत आले. एका परिचितांनी चिंचेच्या पाण्यात भिजवून घासायला सांगितले आहे, पण हात धजत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
कृपा करून चिंच लावू नका. आपण वर्णन केलेल्या घडणीला कुलाहखूद म्हणतात. इराणात आणि हिंदुस्थानात ती प्रचलित होती. त्यावरची वेलबुट्टी बहुधा कोफ्तगिरीची असावी. या कामात पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा कोरून खरखरीत केलेल्या पृष्ठभागावर सोन्याची तार ठोकून बसवतात, त्यामुळे सोने केवळ त्या खरखरीत पृष्ठभागाला धरून असते. आंबट पाणी त्याखाली शिरले, की पोलाद खाल्ले जाते आणि सोन्याचे पापुद्रे सुटतात. तारेच्या ब्रशनेही तेच होते.

प्रतिसाद २
भिंगातून जाळीची कडी पाहावीत. जुन्या, मजबूत जाळीत कड्याची दोन्ही टोके चपटी करून एकमेकांवर ठेवलेली आणि बारीक खिळीने जोडलेली असतात. टोके नुसती समोरासमोर टेकवलेली असतील, तर ते काम प्रामुख्याने १८व्या-१९व्या शतकांतले असते. १८५१च्या लंडनमधील प्रदर्शनात हिंदी शस्त्रे मांडली गेली होती आणि त्या शतकात युरोपीय ग्राहकांसाठी शोभेची शिरस्त्राणेही पुष्कळ घडवली गेली. अशी वस्तू खोटी नव्हे, मात्र ती रणांगणावरची म्हणता येत नाही.

प्रतिसाद ३
एक भर घालतो. जाळी तुटली की नवी लावत, म्हणून केवळ कड्यांवरून टोपीचे वय ठरवू नये. नाकपट्टी वर्षानुवर्षे सरकवली असेल, तर तिच्या खोबणीत घासल्याच्या गुळगुळीत खुणा दिसतात. आतली सुती गादी असल्यास ती धुऊ नका, कारण तिच्या टाक्यांत आणि घामाच्या डागांत वापराचा पुरावा असतो.

प्रश्नकर्ता
भिंगाने पाहिले. वरच्या ओळींत खिळ्या आहेत, कडेच्या चार ओळींत टोके नुसती टेकवलेली आहेत. नाकपट्टीची डावी कड स्पष्ट झिजली आहे.

प्रतिसाद ३
म्हणजे जाळीची खालची कड नंतर जोडलेली दिसते, आणि ती दुरुस्ती तशीच राहू द्यावी. प्रत्येक बाजूचे छायाचित्र मोजपट्टी ठेवून काढा. भुसभुशीत नारिंगी गंज असेल, तिथेच यंत्राच्या हलक्या तेलाचा थेंब सोडून बांबूच्या काडीने हळूहळू उचला. घट्ट तपकिरी थर आणि सोन्याची जागा संवर्धकासाठी ठेवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवत जा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, त्यामुळे ती परदेशी पाठवण्याचा विचारही नको.