भर उन्हाळा, सातवा महिना आणि दारात मेटॅडोर

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढं. घरात सध्या काय काय चालू आहे ते आधी सांगते, म्हणजे मी हे का विचारते आहे ते कळेल. मला सातवा लागला. जुनं मातीचं, धाब्याचं घर सोडून आम्ही गावाबाहेर, रोडलगतच्या प्लॉटवर बांधलेल्या स्लॅबच्या घरात राहायला चाललो. धाकट्या दिराचं लग्न आत्ताच एप्रिलमध्ये झालं, त्याचे सोयरे अजून येऊनच राहिले आहेत. कुरड्या झाल्या, सरगुंडे व्हायचे आहेत. आणि जुन्या घरातली सगळ्यात थंड खोली, जिथं मी दुपारी पडायला हवं, ती छतापर्यंत कापसानं भरलेली आहे. भाव वाढेल म्हणून ठेवला. भाव जिथल्या तिथं, अंगाला खाज मात्र घरभर.

जो येतो तो म्हणतो, "जड उचलू नको वो." आणि पाठोपाठ विचारतो, "कोठीची चावी कुठं ठेवली? लग्नातला कुकर कोणाचा होता? देवाचे टाक कोणत्या डब्यात?" जड कोणी उचलू देत नाही, पण अख्खं घर कुठं काय ठेवलं आहे ते माझ्याच डोक्यात. त्यात माझं स्वतःचं माता-बाल कार्ड परवापासून सापडत नाही.

दिवस गेलेले असताना ज्यांनी उन्हाळ्यात घर हलवलं, त्यांनी लिहा. सल्ले नकोत, सल्ले देणारे घरात नऊ जण आहेत. काय झालं ते सांगा.

• • •

दर्यापूरकडून

२०१८. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि आम्ही चिखलदरा तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहत होतो. त्या वर्षी ऑनलाइन बदल्या निघाल्या. सगळे मास्तर मोबाइलला डोळे लावून बसलेले. अवघड क्षेत्रातली वर्षं भरली होती म्हणून आमचा नंबर लागला आणि खाली दर्यापूर तालुक्यात गाव मिळालं. घरचे सगळे खूश. मला सहावा. सारा मुलूख मे महिन्यात थंड हवेला चिखलदऱ्याला चढतो, आम्ही त्याच महिन्यात भांडीकुंडी घेऊन उतरलो. घाट संपून परतवाडा जवळ आलं तशी मी खिडकी लावून घेतली. चुलीत फुंकर घालायला वाकलं की जशी धग तोंडावर येते, तसा वारा.

त्यात १६ मेपासून अधिक ज्येष्ठ लागला होता, तो १३ जूनपर्यंत. सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "धोंड्याच्या महिन्यात नव्या घरात पाऊल टाकत नसतात. त्यातून तू अशी." मी म्हटलं, आई, भाड्याचं घर आहे. तर म्हणे, भाड्याचं असलं म्हणून काय झालं, चूल तर तुझीच पेटणार ना? इकडं यांना लगेच रुजू व्हायचं, शाळा २६ जूनला उघडणार असली तरी. सामान मेटॅडोरमधून उतरलेलं, आणि आम्ही दारात उभे.

तोडगा काढला तो घरमालकीण आजीनं. म्हणाली, "मंग रायाले येऊ नका. पाव्हणे म्हणून या." आणि खरंच, १४ जूनपर्यंत आम्ही आमच्याच भाड्याच्या घरात पाहुणे होतो. सामान एका खोलीत बांधलेलं तसंच. झोपायचं आजीच्या अंगणात, जेवायचं आजीच्या स्वयंपाकघरात. माझा कुकर पोत्यातच.

पहिल्या सकाळी मी म्हटलं, आजी, आज वरण मी लावते. तुरीची डाळ, घरची. सहा शिट्या झाल्या, उघडून पाहिलं तर दाणा दाणा वेगळा. बोटानं दाबला तर टणक. मला वाटलं आजीचा कुकर गेलेला. अजून दोन शिट्या. तसंच. आजी दारात बसून हसत होती. "बोरचं पानी घेतलं ना तू? खारं हाय ते. ह्या पान्यात डाळ शिजत नसते बाई, आमी नळाचंच ठेवतो वरणाले." पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला, हे शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. समजलं ते त्या डाळीनं.

नळ रोज येत नव्हता. आजीनं माझ्यापुरता एक माठ वेगळा काढला. गोडं पाणी फक्त त्यात, आणि त्याला दुसऱ्या कोणाचा हात नाही. माठाला ओलं पोतं गुंडाळलेलं. रोज दिवे लागायच्या वेळी ती पोतं सोडायची, पिळायची, पुन्हा भिजवून तशीच गाठ मारायची. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं तेव्हा ती म्हणे, "आमच्या गावात मीठ कमी करायचं म्हंजे पानीच सोडा लागन." मुलगी सप्टेंबरात झाली. पोत्याची ती गाठ मला अजून मारता येत नाही.

• • •

लाखनीकडून

बायकांच्या गोष्टीत माणूस आला म्हणून हसू नका जी. आमचं घरकुल मंजूर झालं तेव्हा घरी पाचवा महिना होता. दुसरी जागा नाही, म्हणून नवं बांधायचं तर जुनं पाडावं लागते. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. एप्रिलात पाडलं. पैसे १ लाख २० हजार, तेही हप्त्यानं. पाया भरला की फोटो, फोटो गेला की पुढचा हप्ता. मध्येच रेती मिळेना आणि काम तिथंच अडलं.

परसात बल्ल्या रोवल्या, वरून टिना टाकल्या, बाजूंनी पळसाचे डहाळे. टिनाखाली दुपारी माणूस भाजून निघते. मग टिनांवर धानाचं तणीस पसरलं आणि दिवसातून दोनदा त्यावर पाणी. आता पाणी होतं मोजकं. नव्या भिंतीला मारायचं का तणसावर, हा रोजचा झगडा. मी म्हणायचो, भिंतीला कमी पडलं तर तडा जाईल. ती म्हणायची, "भिंत लिपता येते." त्यापुढं माझं काही चालत नव्हतं.

तिचं एक काम मात्र लक्षात राहिलं. पाडताना निघालेले कवेलू ती आंब्याखाली बसून निवडायची. एकेक हातावर घ्यायची आणि बोटाच्या पेरानं वाजवायची. टण्ण वाजला तो साबूत, बद्द वाजला तो तडकलेला, डोळ्याला तडा दिसत नसला तरी. मी म्हटलं, काहून करून राहिली, आता तर स्लॅब पडणार. म्हणे गोठ्याला लागतील. लागले.

मृग आला, स्लॅब काही पडली नाही. पोरगा झाला तो माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या, सपरीत (ओसरीत) आणला, बारसं तिथंच झालं. स्वतःच्या घरात पाय पडला दिवाळीला.

• • •

मेहकरकडून, आशाताई

सल्ले नको म्हटलं तरी मी देणार, माझं कामच ते. कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सोनोग्राफीचे कागद ह्यांची एक पिशवी करा आणि ती सामानाच्या गाडीत चढवू नका. खांद्याला लावा. गाव बदलत असेल तर इथल्या आणि तिथल्या दोन्ही आशांना सांगा, नाहीतर एकीला वाटतं ती दुसरीकडं गेली आणि दुसरीला ती आली आहे हेच माहीत नसतं. पहिल्या खेपेला मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. ते पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून पासबुक म्हटलं.

आणि एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या घरी १०८ ला फोन केला की "मारोतीच्या देवळामागं" एवढं पुरतं. नव्या प्लॉटवर देऊळ नाही, दुकान नाही, सगळी घरं सारखी. माझ्या एका बाईची गाडी रात्री त्याच रोडवर तीन चकरा मारून गेली. शेवटी दिरानं मोटारसायकल रोडवर आडवी लावून तिचा लाइट सुरू ठेवला. घर सांगायची खूण आजच ठरवून ठेवा.

उन्हाळ्यात पायावर सूज येते, पण ती चेहऱ्यावर चढली, डोकं ठणकलं, डोळ्यासमोर अंधारी आली किंवा बाळ फिरणं कमी झालं, तर सामान राहू द्या जिथल्या तिथं, आधी दवाखाना.

• • •

मूर्तिजापूरकडून

(आजी सांगते आहे, मी नातू टाइप करतो. इंदिराबाई गेल्या त्याच्या आदल्या सालची गोष्ट म्हणते, म्हणजे १९८३.)

आमचं घर बदललं ते चाळीस पावलं. ह्या वसरीतून त्या वसरीत. जावाजावाचं पटेना, मंग मामाजीनं (सासऱ्यानं) पाडव्याले वाटणी केली. मले तवा तिसऱ्या खेपेचे दिवस, सातवा. मधात मातीची भिंत घातली. इहीर एकच राह्यली, तिले कोन वाटनार. माह्या वाट्याले आलं एक जातं, पान्याचे दोन गुंड, अर्धं पोतं जवारी अन् एक म्हैस, जे दूध देत नोती.

बाकी सारं नेलं पोट्ट्यायनं. जातं राह्यलं. मालक वावरात. म्या म्हटलं आता कोनाची वाट पाहू, अन् वाकली. तितक्यात मोठी जाऊ आली धावत. पंधरा दिसापासून बोलत नोती माह्यासंगं. "राग हाय त माह्यावर ठेव, जातं कायले उचलतं?" असं म्हने अन् वरचा दगड उचलला, माह्या घरात नेऊन ठेवला. मंग खालचा. मंग खुंटा राह्यला होता, तोई आनून देल्ला. अन् गेली आपली निंघून. त्याच्यानंतर अजून दोन मयने नाही बोलली बरं.

पन कुरड्या केल्या तवा भिंतीवरून चिकाची वाटी आली. मीठ अन् जिरं टाकून, गरम. मले तो आवडे हे तिले ठाव होतं.

• • •

आर्वीकडून

माझं २०२० चं, कोरोनातलं, आणि तसं लहानसंच. पुण्यातली खोली सोडून ई-पास काढून मे महिन्यात गावी आलो. आठवा महिना. सामान तिकडंच. गावच्या शाळेत १४ दिवस राहायचं होतं. आम्हाला चौथीचा वर्ग मिळाला. फळ्यावर मार्चमधली तारीख आणि पटसंख्या तशीच होती: मुले ११, मुली ९. सामानाच्या नावावर दोन बॅगा आणि एक टेबलफॅन. आई फाटकावर डबा ठेवून मागं सरायची, मग हे जाऊन उचलायचे. डोहाळजेवण खिडकीतून झालं. ओटी भरता येईना, तर आईनं नारळ आणि तांदूळ पायरीवर ठेवले आणि मी ते स्वतःच पदरात घेतले. घरातलं बाकी सामान यायला वर्ष गेलं. ते आलं तेव्हा पोरगा चालत होता, त्यानंच पहिलं खोकं फाडलं.

• • •

अकोटकडून

ज्या ताईनं विचारलं तिला: स्लॅबचं घर पक्कं असतं, थंड नसतं. धाब्याच्या घरात हात हात जाडीच्या मातीच्या भिंती, आणि वरही मातीच. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि अर्ध्या रात्रीपर्यंत खाली सोडते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, अजून यायचा आहे. स्लॅबवर चुना मारून घ्या आणि कूलरला नव्या ताट्या लावा. आमच्याकडं आधी देव मांडायचे का आधी कूलर, यावर बापलेकात दोन तास बोलणं झालं. शेवटी कूलर बसला. देवही त्याच खोलीत मांडले, म्हणून कोणाचं वाईट झालं नाही.

आणि कापूस विकून टाका बापा. आमचा काका त्या भावाच्या भरवशावर पार मृगापर्यंत खाजवत बसला होता.

• • •

पुन्हा दारव्ह्याकडून

सगळ्यांचं वाचलं. आजींचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाल्या काहीच नाही, पण संध्याकाळी मोठ्या जाऊबाईंकडं चिकाची वाटी गेली.

काल मेटॅडोर आला. चार खेपा झाल्या. स्लॅबवर चुना मारला आहे. खूण म्हणून फाटकाला हिरवा रंग दिला, आमच्या रांगेत दुसरं हिरवं फाटक नाही. कापूस विकला नाही. तोही आमच्यासोबत आला आणि नव्या घरातली उत्तरेकडची खोली त्यालाच मिळाली.

कार्ड सापडलं. कुरड्यांच्या डब्यात होतं, सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. सासूबाईंनीच ठेवलं होतं आणि विसरल्या होत्या. म्हणाल्या, "लग्नाच्या गडबडीत हरपून जाईल वाटलं. त्या डब्याले पावसाळ्यापर्यंत कोनी हात लावत नाही ना." उद्या ९ तारीख, गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस. त्याही येतो म्हणाल्या आहेत. पिशवी माझ्या खांद्याला आहे.